जुनी हातघडणीची आर्चटॉप गिटार कशी पारखावी आणि वाजती कशी करावी

हाताने घडवलेली जुनी आर्चटॉप गिटार समोर आली की बहुतेकांची नजर आधी हेडस्टॉकवरच्या (गिटारच्या डोक्यावरच्या) शिंपल्याच्या जडावकामाकडे, खालच्या टोकाला तारा अडकवायच्या सोनेरी टेलपीसकडे आणि लॅकरच्या चकाकीकडे जाते. पारख मात्र नेमकी उलट्या टोकाकडून सुरू करावी लागते. ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) बदलता येतात, फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) नव्याने बसवता येतात, पिकगार्ड (फळीला ओरखड्यांपासून जपणारे पान) पुन्हा करून घेता येते. पण कारागिराने पटाशीने आणि बोटभर लांबीच्या रंध्याने कोरून काढलेली वरची फळी एकदा खचली, नको तिथे कापली गेली किंवा घासून पातळ झाली, की ती परत मिळत नाही. म्हणून जे परत मिळत नाही ते आधी पाहावे आणि जे सहज बदलता येते ते शेवटी पाहावे, हा क्रम मी कधीही मोडत नाही. पुढचे सगळे विवेचन त्याच क्रमाने केले आहे, आणि उदाहरण म्हणून न्यूयॉर्कचे कारागीर जॉन डी'अँजेलिको यांच्या गिटारी घेतल्या आहेत, कारण ह्या वाद्यप्रकाराचे सगळे गुण आणि सगळी दुखणी त्यांत एकत्र पाहायला मिळतात.

कारागीर आणि त्याचे काम

आर्चटॉप म्हणजे व्हायोलिनच्या पद्धतीने फुगीर कोरलेली गिटार. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू मेपलच्या, आवाजासाठी मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना एफच्या आकाराची छिद्रे, आणि तारा ब्रिजला, म्हणजे फळीवर उभ्या राहून तारा पेलणाऱ्या तुकड्याला, न बांधता त्याच्यावरून पुढे जाऊन टेलपीसला अडकवलेल्या. मिशिगनमधल्या कॅलमझू येथे ऑर्व्हिल गिब्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरीव गिटारी घडवल्या. पुढे त्यांच्या नावाच्या कंपनीत वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांच्या काळात, १९२२ साली, एफ-छिद्रांची एल-५ ही गिटार आली आणि ह्या वाद्याचा साचा ठरला. त्या काळी तारांचे कंपन विजेत बदलणारे पिकअप नव्हते. जॅझ वाद्यवृंदातल्या पितळी वाद्यांच्या आणि ड्रमच्या गदारोळात गिटारचा ठेका ऐकू जाणे ही खरी गरज होती, म्हणून वाद्य रुंद होत गेले, तारा जाड होत गेल्या आणि फळीवरचा भार वाढत गेला. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षे गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांनी जो ठेका धरला, तो अशाच गिटारींवर, पिकअपशिवाय. आज आपण तपासताना जी दुखणी शोधतो, त्यांपैकी निम्मी ह्या भारातूनच आलेली असतात.

जॉन डी'अँजेलिको यांचा जन्म १९०५ सालचा, न्यूयॉर्कच्या लिटल इटलीतला. नवव्या वर्षीच ते वाद्ये घडवणाऱ्या राफाएल चिआनी ह्या नात्यातल्या आजोबांच्या हाताखाली कामाला लागले आणि मँडोलिन, व्हायोलिन आणि गिटार तिन्ही घडवायला शिकले. १९३२ मध्ये त्यांनी केनमेअर स्ट्रीटवर स्वतःचे दुकान उघडले. सुरुवातीच्या गिटारींवर एल-५ची छाप स्पष्ट दिसते; १९३६च्या सुमारास सतरा इंची एक्सेल आणि अठरा इंची न्यूयॉर्कर ही त्यांची दोन नावाजलेली मॉडेल आली. इथे इंच म्हणजे खालच्या फुगवट्याची रुंदी, लांबी नव्हे. १९५२ पासून जेम्स डी'अक्विस्टो त्यांच्याकडे उमेदवारी करू लागले. डी'अँजेलिको १९६४ साली, साठी गाठण्याआधीच, वारले आणि अर्धवट राहिलेल्या शेवटच्या दहा गिटारी डी'अक्विस्टो यांनी पूर्ण केल्या. एकूण क्रमांकित गिटारी ११६४. बत्तीस वर्षांच्या हिशेबाने वर्षाला सरासरी ३६ येतात, म्हणजे महिन्याला तीन. दोन-तीन माणसांच्या दुकानात हा वेग थोडा नाही, आणि तरीही ग्राहकाच्या हाताप्रमाणे नेकची (गिटारच्या दांड्याची) जाडी, आवडीप्रमाणे सजावट आणि मागणीप्रमाणे आतल्या पट्ट्यांची मांडणी बदलत असे. म्हणून एक्सेल अशीच असते असे ठाम विधान करणाऱ्या विक्रेत्याकडे मी जरा सावधपणे पाहतो. मॉडेलच्या नावाचा वाद्याच्या अंगाशी मेळ बसतो का, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते.

ओळख पटवणे

नाव वाचून काहीही सिद्ध होत नाही. डी'अँजेलिको ह्या नावाचे हक्क पुढे इतरांकडे गेले आणि त्या नावाने कारखान्यात तयार झालेल्या गिटारी आज सर्रास मिळतात. त्यांत वाईट काही नाही, पण त्या केनमेअर स्ट्रीटवरच्या नव्हेत. डी'अँजेलिको आपल्या गिटारींची नोंद वहीत ठेवत आणि ती वही टिकून राहिली आहे. क्रमांक सहसा एफ-छिद्रातून आत डोकावल्यावर दिसतो. तो वहीतल्या नोंदीशी जुळला पाहिजे, आणि नोंदीतले मॉडेल समोरच्या वाद्याशी जुळले पाहिजे. केवळ क्रमांक जुळला म्हणजे काम संपले असे मात्र नाही, कारण खोटे वाद्य करणारा क्रमांकही खराच निवडतो. त्या काळात विद्युत पिकअपसाठी प्लायच्या अंगाच्या गिटारीही ह्या दुकानातून बाहेर पडल्या. त्यांचे अंग बाहेरून आणलेले असे आणि त्यांची गणना कोरीव गिटारींत होत नाही. एफ-छिद्राची कड भिंगातून पाहिली की थर दिसतात. अखंड लाकडात वरच्या पृष्ठभागावरची रेषा कडेवरून तशीच आत उतरलेली दिसते.

वरची फळी

आता मुख्य तपासणी. गिटार मांडीवर आडवी ठेवावी, डोळे फळीच्या कडेच्या पातळीला आणावेत आणि खिडकीचा उजेड समोरून येईल असे बसावे. कडेजवळ फळी किंचित खोलगट असते, मग ती वर चढते, ब्रिजखाली सर्वांत उंच होते आणि पलीकडे तशीच उतरते. ही कमान जाड तारांच्या आणि बारीक तारांच्या, दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. ब्रिजच्या पायांखाली बशीसारखा खळगा, किंवा एफ-छिद्राची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा खाली गेलेली, ही खचण्याची खूण आहे. अशा वाद्यात आणखी एक गोष्ट सापडते: ब्रिजची उंची बदलणाऱ्या चक्र्या जवळजवळ शेवटपर्यंत वर फिरवलेल्या असतात, कारण फळी खाली गेली तशी कोणीतरी ब्रिज वर करत नेलेला असतो. सहा तारांचा ताण जाडीप्रमाणे ७० ते ८० किलोच्या आसपास जातो. त्याचा एक हिस्सा ब्रिजमधून सरळ खाली फळीवर येतो, आणि सत्तर-ऐंशी वर्षे रात्रंदिवस येत राहतो, हे लक्षात घेतले म्हणजे थोडेफार बसलेले लाकूड पाहून घाबरण्याचे कारण उरत नाही. बसलेली फळी आणि मोडलेली फळी यांतला फरक आतून कळतो.

आतून पाहण्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लहान आरसा आणि तारेवरचा बारीक एलईडी दिवा पुरतो. दिवा एका छिद्रातून आत सोडावा, आरसा दुसऱ्यातून. फळीच्या खालून लांबीला धावणाऱ्या दोन आधारपट्ट्या असतात, किंवा त्या एकमेकींना छेदून गेलेल्या असतात. समांतर मांडणीत आवाज सहसा धारदार आणि पुढे फेकला जाणारा मिळतो, छेदमांडणीत अधिक गोल. पट्टी आणि फळी यांच्या सांध्यावर आरसा सावकाश सरकवत न्यावा. जिथे काळी रेघ दिसते तिथे सरस सुटलेला असण्याची शक्यता असते. त्या जागी वरून बोटाच्या सांध्याने हलकेच टकटक करावे: पक्क्या सांध्याचा आवाज भरीव येतो, सुटलेल्या सांध्यातून बारीक खरखर येते. हे करताना मला आजही थांबायला होते, कारण आरशात रंध्याचे आखूड ओरखडे, पट्टीच्या कडेला ओघळून सुकलेला मधाच्या रंगाचा सरस आणि पटाशीने एका झटक्यात उतरवलेले पट्टीचे टोक दिसते. बाहेरच्या चकचकीत बाजूवर कारागिराचा हात पुसून टाकलेला असतो. आत तो तसाच राहिलेला असतो.

भेगा असणे हा दोष आहे, पण तो निर्णायक नव्हे. एफ-छिद्राच्या टोकापासून लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेली चीर फार वेळा आढळते. तिच्या आतल्या बाजूने लहान, पातळ लाकडी चकत्या रेषा आडव्या येतील अशा नीट चिकटवलेल्या असतील, तर ती दुरुस्ती पिढीभर टिकते. ब्रिजच्या पायाखालून जाणारी चीर, किंवा पट्टीच्या रेषेवर उमटलेली चीर, मात्र गंभीर समजावी. त्याहून वाईट म्हणजे पिकअप बसवण्यासाठी फळीत नंतर कापलेले चौकोनी भोक. अशा ठिकाणी बहुधा आतली पट्टीही छाटलेली असते. पूर्वीच्या वादकांनी ते गरजेपोटी केले, त्यांना दोष देता येत नाही. परंतु ते लाकूड गेले ते गेले. फळी पुढच्या कोणी आतून घासून पातळ केली आहे का, हे चुंबकी जाडीमापकाने कळते. मध्यभागी साधारण ६ मिलिमीटर आणि कडेच्या खोलगट पट्ट्यात ३ ते ४ मिलिमीटर ही ढोबळ अपेक्षा. त्याहून ठळकपणे कमी आकडे आले तर मी वाद्य ठेवून देतो.

नेकचा कोन

तारा सुरात असताना एक सरळ पोलादी पट्टी फ्रेटच्या माथ्यांवर, मधोमध, लांबीला ठेवावी आणि तिचे टोक ब्रिजपर्यंत जाऊ द्यावे. ते ब्रिजच्या माथ्याच्या जवळपास पोहोचले तर कोन ठीक आहे. ते ब्रिजच्या मधल्या पोटाला किंवा तळाला धडकत असेल, तर नेक पुढे झुकलेली आहे. ब्रिज पूर्ण खाली केला तरी तारा उंचच राहतील आणि नेक सोडवून पुन्हा बसवावी लागेल. जुन्या कारागिरांनी हा सांधा पाचरीच्या आकाराचा कापून सरसाने बसवलेला असतो. सरस उष्णतेने आणि वाफेने सुटतो, म्हणून हे काम जाणत्या हाताला जमते आणि लाकूड शाबूत राहते. मधल्या काळात कोणी त्या सांध्यात एपॉक्सी ओतले असेल, तर सोडवताना लाकूडच फाटते. नेकच्या टाचेखाली कागदाची पट्टी आत सरकते का, आणि सांध्याभोवती सरसापेक्षा वेगळा, काचेसारखा चकाकणारा पदार्थ दिसतो का, हे दोन्ही पाहावे.

नेकची लांबीतली वक्रता वेगळी तपासावी. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली असता सातव्या-आठव्या फ्रेटवर अगदी बारीक फट दिसावी, ०.२ मिलिमीटरच्या आसपास. जुन्या काही गिटारींत फिरवता येणारा ट्रस रॉड (नेकमधली वक्रता जुळवायची पोलादी कांब) नसतो. तिथे वक्रता जास्त असेल तर उपाय फ्रेट काढूनच करावा लागतो, आणि तो खर्च किमतीत धरावा.

लॅकर आणि सेल्युलॉइड

लॅकरमधल्या केसासारख्या आडव्या भेगा वयाच्या आहेत, त्या घालवायच्या नसतात. थंडीतून एकदम उबेत आणलेल्या वाद्यावर त्या एका रात्रीतही पडतात. मूळ लॅकर किती शिल्लक आहे हे अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली चांगले दिसते: जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळे चमकते, नंतर मारलेला थर वेगळ्या रंगाचा, डागासारखा उठून दिसतो. संपूर्ण नव्याने रंगवलेली गिटार खोटी नसते, पण रंगवण्याआधी ती घासली गेली असणार, म्हणून तिथे जाडीमापक पुन्हा हातात घ्यावे.

सेल्युलॉइडकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि तेच सर्वांत जास्त नुकसान करते. त्या काळचे पिकगार्ड आणि कडेची बाइंडिंग (कडेभोवतीची बारीक पट्टी) नायट्रोसेल्युलोजात कापूर मिसळून तयार केलेल्या सेल्युलॉइडची असते. ती कुजू लागली की आम्लयुक्त वायू सोडते. केस उघडल्याबरोबर कापराचा आणि आम्लाचा उग्र वास आला, टेलपीसवर किंवा पिकगार्डजवळच्या तारांवर हिरवा गंज दिसला, किंवा पिकगार्डची कड साखरेसारखी भुरभुरू लागली असली, तर ते पिकगार्ड त्याच दिवशी काढून हवेशीर जागी वेगळे ठेवावे. एक कुजलेला तुकडा बंद केसमध्ये शेजारच्या निरोगी सेल्युलॉइडलाही कुजवतो आणि ट्यूनर, फ्रेट सगळे खातो. मूळ तुकडा फेकू मात्र नये: त्याचा आकार, भोके आणि कडेच्या रेषा नवा तुकडा करताना नमुना म्हणून लागतात. बाइंडिंग कुजली असेल तर ते काम मोठे आहे, कारण ती काढताना भोवतीचे मूळ लॅकर जपावे लागते.

ट्यूनर, बटणे, नॉब यांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. मूळ असतील तर उत्तम, नसतील तर हेडस्टॉकवर जास्तीची भोके पाडली आहेत का एवढे पाहावे. वाद्य देशाबाहेर न्यायचे असेल तर एक गोष्ट विसरू नये: ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स ह्या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे फ्रेटबोर्ड किंवा ब्रिज त्या लाकडाचा असल्यास कागदपत्रे आधी हवीत.

ब्रिज बसवणे आणि सूर लावणे

इथपर्यंत वाद्य टिकले, तर आता ते वाजते करायचे. आर्चटॉपचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तो केवळ तारांच्या दाबाने उभा असतो. म्हणून सगळ्या तारा एकदम कधीही काढू नयेत. एकेक काढून एकेक चढवावी. ब्रिज काढणे भागच असेल तर आधी त्याची जागा पोलादी पट्टीने दोन्ही एफ-छिद्रांपासून मोजून कागदावर लिहून ठेवावी. चिकटपट्टीने खूण करू नये. माझ्या डोळ्यांसमोर एका दुरुस्ती करणाऱ्याने अशी पट्टी ओढून काढली आणि तिच्याबरोबर नखाएवढा लॅकरचा पापुद्रा निघून आला. तो पापुद्रा पुन्हा बसवता आला नाही.

ब्रिजचे दोन्ही पाय फळीच्या कमानीवर पूर्ण टेकले पाहिजेत. तारा चढवलेल्या असताना पायांमागे दिवा धरावा. उजेडाची रेघ दिसली तर तिथून आवाज गळतो आहे. पाय कमानीला जुळवण्यासाठी फळीवर बारीक सँडपेपर खरबरीत बाजू वर करून ठेवतात आणि त्यावर पाय लांबीच्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे घासतात. कागद दुसऱ्या माणसाने घट्ट धरावा, म्हणजे त्याची मागची बाजू लॅकरवर फिरत नाही. हे काम मूळ ब्रिजवर करू नये. तो कारागिराने स्वतः बसवलेला असतो. फळी त्यानंतर हलली असेल तर त्याच मापाचा नवा पाया करून तो जुळवावा आणि मूळ ब्रिज कागदात गुंडाळून वाद्याबरोबर ठेवावा. ताण आल्यावर पाय किंचित फाकतात, म्हणून शेवटची जुळवणी नेहमी तारा चढवून, तपासून, पुन्हा उतरवून करावी लागते. तीन-चार फेऱ्या होतात. ह्या फेऱ्या टाळू नयेत. आवाजात जेवढा फरक ह्या एका कामाने पडतो तेवढा महागड्या पिकअपने पडत नाही.

उंची बदलताना चक्र्या पूर्ण ताणाखाली फिरवू नयेत. तारा थोड्या सैल करून, फिरवून, पुन्हा सुरात आणाव्यात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली त्याहून थोडी कमी उंची बोटाने एकल सूर वाजवणाऱ्याला सोयीची पडते. ठेका धरणाऱ्याला ती जास्तच हवी असते, कारण उंच तार जोरात मारली तरी फ्रेटवर आपटत नाही. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर यांची तुलना करावी. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे न्यावा, उतरा असेल तर नेककडे. जाड तारांसाठी आणि बारीक तारांसाठी ब्रिजची जागा वेगवेगळी लागते, त्यामुळे तो थोडा तिरका बसणे चूक नाही. तिसरी तार गुंडाळलेली (वरून बारीक तार वेढलेली) आहे की साधी, हे इथे फार महत्त्वाचे आहे: जुने ब्रिज गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशेबाने कोरलेले असतात, आणि साधी तार लावली की फक्त तीच एक तार सुरात बसत नाही. अनेकजण त्यासाठी ब्रिजला दोष देतात.

फळी निरोगी असेल तर १२ किंवा १३ क्रमांकाचा, म्हणजे पहिली तार ०.०१२ किंवा ०.०१३ इंच जाडीची असलेला, संच लावावा. कोरीव फळीला हलवायला एवढा ताण हवा असतो. फार बारीक तारांवर हे वाद्य मुके वाटते. फळी बसलेली असेल तर १२वरच थांबावे आणि पहिले काही आठवडे दर आठवड्याला कमान नजरेने तपासावी. पिकअप हवाच असेल तर नेकच्या टोकाला किंवा पिकगार्डला टांगलेला तरंगता पिकअप घ्यावा, त्यासाठी फळीला भोक पाडावे लागत नाही. त्याच्याबरोबर निकेलच्या तारा वापराव्यात, कारण ब्राँझच्या गुंडाळीला चुंबकी पिकअप नीट पकडत नाही आणि जाड तारा मागे पडतात.

ठेवण्यासाठी सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के धरावी आणि केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवावा. रबराची नळी असलेला स्टँड आणि व्हिनाइलचा पट्टा ह्या लॅकरला चिकटून डाग पाडतात, म्हणून दोन्ही टाळावेत. पहिल्या दिवशी घेतलेली मापे, म्हणजे ब्रिजची उंची, एफ-छिद्रांपासूनचे अंतर, फळीची जाडी आणि बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची, तारखेसह एका कागदावर लिहून केसमध्ये ठेवावीत. पुढच्या वर्षी कमान अर्धा मिलिमीटर खाली गेली की नाही, हे केवळ त्या कागदावरूनच कळते.